झेरमाटमध्ये फिरायचं कसं: पायी, बसने, टॅक्सीने की थेट डोंगराच्या रेल्वेने?

स्वित्झर्लंडमध्ये मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी असलेल्या झेरमाट या गावाला स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जाता येत नाही. रस्ता अलीकडच्या टेश गावापर्यंत, पुढचे पाच किलोमीटर बाहेरच्या गाड्यांना बंद. दस्तुरी नाक्यावर गाडी लावून माथेरानला शिरतो तसाच हा प्रकार. फरक इतकाच की टेशहून साधारण दर वीस मिनिटांनी शटल रेल्वे सुटते आणि बाराव्या मिनिटाला गावात सोडते.

म्हणून स्वित्झर्लंडमध्ये गाडी भाड्याने घ्यायची की नाही, हे आधी ठरवा. बाकीच्या सहलीसाठी गाडी हवीच असेल तर टेशला मोठं, छप्पर असलेलं पार्किंग आहे. पण तिथे गाडी नुसती उभी राहणार, आणि तिचे रोजचे पैसे तुम्ही भरणार. बर्नकडून येत असाल तर वाटेत कांडरश्टेगला गाडी रेल्वेवर चढवून बोगदा पार करावा लागतो, त्याचं भाडं वेगळं. रेल्वेने आलात तर यातलं काहीच नाही. झुरिकहून व्हिस्पला यायचं, तिथे लाल रंगाच्या छोट्या गाडीत बसायचं आणि तासाभराहून थोड्या जास्त वेळात थेट गावाच्या मधोमध उतरायचं. ही छोटी लाइन 1891 पासून धावते आहे. चढ फार उभा आला की गाडी दातेरी रुळाला धरून वर सरकते. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे-बसचा पास, झेरमाटपर्यंत पूर्ण चालतो. फक्त झेरमाटसाठी गाडी घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

गावात पोचल्यावर पाय हेच मुख्य वाहन. गाव नदीच्या कडेने लांबट पसरलंय. उत्तरेच्या स्टेशनपासून दक्षिण टोकाच्या केबल कार स्थानकापर्यंत रमतगमत वीसेक मिनिटं लागतात. वाटेत हिंटरडॉर्फ ही जुनी गल्ली चुकवू नका. उन्हाने काळी पडलेली लाकडी कोठारं तिथे खांबांवर उभी आहेत, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीएवढी गोल सपाट फरशी ठेवलेली आहे. उंदराला खांब चढता येतो, पण फरशीच्या खालच्या बाजूने उलटं लटकत पुढे जाता येत नाही. धान्य वाचवायची ही युक्ती बसच्या खिडकीतून दिसत नाही. मुलं बरोबर असतील तर एक सांभाळा: विजेच्या गाड्या आवाज न करता मागून येतात.

आई-बाबांचे गुडघे दुखत असतील किंवा हॉटेल वरच्या चढावर असेल तर विजेची बस बरी. टॅक्सीही विजेवरच चालते, डब्यासारखी चौकोनी असते, आणि स्टेशनबाहेर उभीच असते. अंतराच्या मानाने ती महाग पडते, म्हणून मी ती फक्त सामानासाठी घेईन: आल्या दिवशी एकदा, निघताना एकदा. त्याआधी हॉटेलला विचारा. बरीच हॉटेलं स्वतःची गाडी स्टेशनवर पाठवतात. घोडागाडीही दिसेल, पण ती हौसेची गोष्ट.

खरा खर्च आणि खरी निवड वर जाताना आहे. गोर्नरग्राटची रेल्वे आणि ग्लेशियर पॅराडाइजची केबल कार, दोन्हींचं उन्हाळ्यातलं जाऊन-येऊन पूर्ण भाडं माणशी शंभर फ्रँकच्या वर जातं. स्विस ट्रॅव्हल पास किंवा हाफ फेअर कार्डावर ते निम्मं होतं. तरी चौघांच्या कुटुंबाला दोन्ही करायची म्हणजे खिशाला चाट बसते, तेव्हा एकच निवडायचं असेल तर असं बघा.

मॅटरहॉर्न डोळे भरून पाहायचा असेल तर गोर्नरग्राट. 1898 साली सुरू झालेली ही रेल्वे पहिल्या दिवसापासून विजेवर चालते. स्टेशनसमोरूनच सुटते आणि 33 मिनिटांत 3,089 मीटरवर नेते. जाताना उजवीकडची खिडकी धरा. उतरताना रोटेनबोडेनला उतरून थोडं खाली चालत गेलात की रिफेलझे तळं लागतं. वारा नसेल तर अख्खं शिखर पाण्यात उलटं दिसतं. मग पुढच्या गाडीने खाली या. बसल्या जागी इतकं दाखवणारं दुसरं साधन गावात नाही, म्हणून ज्येष्ठांसाठी माझी पहिली पसंती हीच.

भर जुलै-ऑगस्टमध्ये पायाखाली बर्फ हवाच असेल तर मात्र ग्लेशियर पॅराडाइज. 3,883 मीटरवर बारा महिने बर्फ असतो, आणि हिमनदीच्या आत कोरलेली गुहाही पाहता येते. पण चित्रात दिसतो तो वाकड्या सुळक्याचा मॅटरहॉर्न तिथून दिसत नाही. बाजू बदलल्यामुळे तो ओळखूही येत नाही. शिवाय गाव जेमतेम 1,600 मीटरवर. तासाभरात सव्वादोन हजार मीटर वर गेल्यावर धाप लागते, डोकं जड होतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. 2023 पासून तिथूनच केबल कारने इटलीच्या बाजूला उतरता येतं. शेंगेन व्हिसा तोच चालतो, पण पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका.

सुनेगा या दोन्हींहून बरंच स्वस्त. डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे चार-पाच मिनिटांत 2,288 मीटरवर काढते. खाली लाइझे तळं आहे, काठावर मुलांना खेळायला जागा आहे, आणि मॅटरहॉर्न समोरच. लहान मुलं असलेल्यांनी इथेच अर्धा दिवस काढावा. चालणाऱ्यांनी पुढे ब्लाउहेर्डला जाऊन पाच तळ्यांची वाट धरावी, तीनेक तासांची.

कुठलंही तिकीट आदल्या दिवशी काढू नका. सकाळी उठून वरच्या स्थानकांचे वेबकॅम बघा. ढग असतील तर त्या दिवशी हिंटरडॉर्फ आणि नदीकाठ. सुनेगा वसंतात आणि दिवाळीच्या सुमारास दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद असते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी गोर्नरग्राटचाच हिशेब धरावा.