व्हिडिओ बैठकीचे सॉफ्टवेअर: निवड येणाऱ्याच्या सोयीने व्हावी

व्हिडिओ बैठकीसाठी सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण सुविधांचा तक्ता समोर घेतात आणि ज्या रकान्यात सर्वाधिक खुणा दिसतील त्याला पसंती देतात. मात्र हा तक्ता बैठक बोलावणाऱ्याचा विचार करून केलेला असतो, आणि बैठक बिघडते ती बहुधा दुसऱ्या टोकाला. कोणाला लिंक उघडत नाही, कोणाच्या जुन्या फोनवर ॲप चालत नाही, कोणाचा आवाज तुटत राहतो. म्हणून येथे झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि जिट्सी मीट या सेवांकडे मुख्यतः येणाऱ्याच्या बाजूने पाहिले आहे.

या कसोटीवर संगणकापुरते गूगल मीट आणि जिट्सी मीट पुढे आहेत, कारण दोन्ही मुळातच ब्राउझरमध्ये चालण्यासाठी घडवलेल्या आहेत आणि लिंक उघडली की वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. झूमच्या बैठकीतही ब्राउझरमधून शिरता येते, परंतु आधी ॲप घेण्याचा आग्रह होतो आणि ब्राउझरचा पर्याय शोधावा लागतो. सरावलेल्या माणसाला ही अडचण वाटत नाही, नवख्याचा मात्र तिथेच गोंधळ उडतो. ज्यांना दर वेळी नवे ग्राहक, उमेदवार किंवा पालक बोलवायचे असतात, त्यांनी ही बाब किरकोळ समजू नये.

मोफत खात्याच्या मर्यादा नीट वाचाव्यात. झूमवर मोफत बैठक 40 मिनिटांत संपते. मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर 60 मिनिटे मिळतात, आणि टीम्सच्या मोफत गटबैठकीलाही 60 मिनिटांचीच मुदत आहे. तिन्हींत 100 जणांपर्यंत सहभागी होऊ शकतात. साप्ताहिक आढाव्यासाठी 40 मिनिटे पुरेशी आहेत (किंबहुना अनेक आढावे त्याआधीच संपायला हवेत), पण शिकवणीच्या तासासाठी ती अपुरी ठरतात. झूमवर वेळेची मर्यादा यजमानाच्या खात्यावरून ठरते, त्यामुळे बैठका मोजकेच जण बोलावत असतील तर सगळ्यांसाठी सशुल्क खाती घेणे हा निव्वळ अपव्यय आहे.

सर्वाधिक लक्ष आवाजाकडे द्यावे, कारण चित्र धूसर झाले तरी बैठक चालू राहते, आवाज तुटला की ती थांबते. संभाषणात आवाज पोहोचायला एका दिशेने 150 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. विलंब वाढत गेला की लोक एकमेकांचे बोलणे नकळत तोडू लागतात. झूमच्या माहितीनुसार दोघांच्या चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे 600 केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) वेग लागतो, म्हणजे तासाला साधारण अर्धा जीबी डेटा. नुसत्या आवाजाला मात्र 60 ते 80 केबीपीएस पुरतात. गटबैठकीत सहसा प्रत्येकाचे चित्र आधी सर्व्हरकडे जाते आणि तेथून इतरांना पाठवले जाते, त्यामुळे पडद्यावर जितके चेहरे मांडावेत तितका येणाऱ्या डेटाचा भार वाढतो. कमी वेगाच्या जोडणीवर सर्वांऐवजी फक्त बोलणाऱ्याचे चित्र ठेवल्यास फरक पडतो. सॉफ्टवेअरची चाचणी कार्यालयातील वेगवान जोडणीवर घेण्यात फारसा अर्थ नाही. ज्या सहभागीचे नेटवर्क सर्वांत कमकुवत आहे, त्याच्याच फोनवर ती घ्यावी.

टीम्सबद्दल थोडक्यात सांगता येईल. कार्यालयाचे ईमेल, फाइली आणि कॅलेंडर आधीच मायक्रोसॉफ्टकडे असतील तर ते सोयीचे आहे. तसे नसेल तर केवळ बैठकांसाठी हा पसारा मांडण्याचे कारण दिसत नाही.

गोपनीयतेच्या दाव्यांकडे मात्र काटेकोरपणे पाहावे. झूमने एंड-टू-एंड एन्क्रिप्शनविषयी, म्हणजे संभाषण सहभागींखेरीज सेवा पुरवणाऱ्या कंपनीलाही उलगडता येऊ नये अशा कुलूपबंदीविषयी, दिशाभूल केल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला होता आणि 2020 मध्ये त्यावर तडजोड झाली. आता झूममध्ये ही सोय खरोखर आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते आणि चालू केल्यावर क्लाउड रेकॉर्डिंग किंवा साध्या दूरध्वनीवरून सहभागी होणे शक्य राहत नाही. व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये असे एन्क्रिप्शन मुळातच असते, पण त्यात 32 जणांपलीकडे जाता येत नाही. म्हणून संवेदनशील चर्चेसाठी आणि मोठ्या सभेसाठी वेगवेगळी साधने वापरण्यात काहीच कमीपणा नाही.

जिट्सी मुक्तस्रोत, म्हणजे तिचा कोड सर्वांना वापरायला खुला, असल्याने संस्थेला ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. तिच्या सार्वजनिक संकेतस्थळावर 2023 पासून बैठक सुरू करणाऱ्याला लॉगिन करावे लागते. इतरांना ते लागत नाही. वर्ग चालवणाऱ्यांनी बिगब्लूबटन हे दुसरे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही पाहावे, कारण त्यातील फळा, जनमत चाचणी आणि गटांच्या स्वतंत्र खोल्या अध्यापनासाठीच आखलेल्या आहेत. मात्र स्वतःच्या सर्व्हरसाठी तो अद्ययावत ठेवणारा आणि बैठक चालू असताना हाकेला येणारा जाणकार माणूस लागतो. असा माणूस नसेल, तर सशुल्क सेवा घेणेच स्वस्त पडते.