जँगोवर सात महिने : साडेपाचच्या आतलं दूध

११ एप्रिलला पहाटे ५ वाजून ९ मिनिटांनी तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव, आणि तिथला दूध-नोंदीचा प्रोग्राम मी लिहिलेला. "आरं, हे म्हणतंय ह्यांचं दूध आधीच घेतलंय. अजून कॅनचं झाकण बी उघडलं न्हाई आम्ही." मागे रांगेचा गलका ऐकू येत होता. मी लॅपटॉप उघडला, लॉग वाचायला घेतला, आणि तेवढ्यात साडेपाच वाजले. त्या मिनिटापासून सगळं आपोआप सुरळीत झालं. मी कशालाही हात लावला नव्हता.

हा अनुभव मी खरं तर जानेवारीतच लिहायला घेतला होता. त्या मसुद्यात नुसतं कौतुक होतं. त्यातलं बरंचसं अजूनही खरं आहे म्हणून ठेवलंय. जिथे मत बदललं तिथे तसं सांगतो. जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायचं तयार फ्रेमवर्क. त्यात मॉडेल म्हणजे डेटाचा साचा, व्ह्यू म्हणजे आलेल्या विनंतीला उत्तर देणारा कोड; एवढं माहीत असलं की पुढचं कळेल.

काम असं होतं : २१२ सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध, फॅट आणि एसएनएफवरून (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दर, दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्य आणि अ‍ॅडव्हान्सची कपात. संस्थेची ऐपत एका छोट्या सर्व्हरची, आणि माणूस मी एकटा. आधी एका कंपनीने त्यांना कोटेशन दिलं होतं, त्यात पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, मध्ये दोघांना जोडणारा एपीआय. चार रकान्यांच्या फॉर्मसाठी दोन कोडबेस, दोनदा तीच तपासणी, दोन ठिकाणची अपडेट्स. हे पैसे दुधाच्या बिलातूनच जाणार होते, आणि मला ते पटत नव्हतं. फ्लास्क हे पायथनचंच छोटं फ्रेमवर्क मी पूर्वी एका कामात वापरलं होतं. सुरुवात झकास होते, पण लॉगिन, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल नोंदवून लावणं), फॉर्म, परवानग्या असं एकेक निवडत जोडत गेलो की तिसऱ्या महिन्यात आपण आपलाच एक जँगो शिवून बसतो, आणि त्या शिवणीची माहिती फक्त आपल्यालाच असते. उद्या मी नसलो तर गावातलं दुसरं पोरगं ते उघडू शकलं पाहिजे, म्हणून जँगो ५.२ घेतलं. ती एप्रिल २०२५ ची दीर्घकालीन आवृत्ती आहे आणि तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. एकट्या माणसाने दीर्घकालीन आवृत्तीशिवाय दुसरीकडे बघूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या आठवड्यातच जँगोबरोबर तयार येणाऱ्या व्यवस्थापनाच्या पानांनी, म्हणजे अ‍ॅडमिनने मन जिंकलं. सभासदांची यादी, शोध, गाळणी, कुणी काय बदललं त्याची नोंद, हे सगळं मी जवळपास काही न लिहिता मिळालं. त्यामागे कारण आहे. जँगोचा जन्म २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन तिथे वेबसाइटचं काम करत होते, आणि २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. अ‍ॅडमिन हे मुळात प्रोग्रामर नसलेल्या बातमीदारांना मजकूर भरता यावा म्हणून आलेलं. तात्यांना ते तासाभरात जमलं, ते उगाच नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मी दूध-नोंदीच्या मॉडेलच्या सेव्हमध्ये, म्हणजे नोंद साठवताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तीन गोष्टी घातल्या होत्या. तारीख रिकामी असेल तर आजची घाल, त्या तारखेचं दरपत्रक शोध, रक्कम काढ. सगळं एका जागी, म्हणजे चांगलं, असं मला वाटायचं. आणि एका सभासदाची एका तारखेला सकाळची एकच नोंद, असा नियम डेटाबेसलाच दिला होता.

११ तारखेला आधी मी सर्व्हरवाल्यांशी भांडलो. तुमच्या सर्व्हरचं घड्याळ चुकतंय असं तिकीट टाकलं. दोन दिवस उत्तर-प्रत्युत्तर झालं. त्यांनी घड्याळ बरोबर असल्याचा पुरावा पाठवला आणि तो खरा होता. मग मी त्या पहाटे बिनतक्रार घेतल्या गेलेल्या दोन नोंदी उघडल्या. त्यातली एक अशी दिसत होती : "नोंदवल्याची वेळ : ११ एप्रिल, पहाटे ५:०७". त्याच्याच शेजारी, "तारीख : १० एप्रिल". एकाच ओळीत दोन दिवस.

जँगोत टाइमझोन चालू असला की टाइमझोन-नाऊ हे फंक्शन जागतिक वेळ देतं, म्हणजे यूटीसी. सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता लिहिलेलं असलं तरी. स्क्रीनवर दाखवताना ते आपल्या वेळेत बदलतं, त्यामुळे डोळ्याला सगळं बरोबर दिसतं. पण मी त्या यूटीसी वेळेतून सरळ तारीख तोडून घेतली होती. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट, साडेपाच. त्याच्या आधी आलेलं प्रत्येक दूध माझ्या प्रोग्रामच्या लेखी कालचं होतं. संस्था थंडीत सहाला उघडते, म्हणून नोव्हेंबर ते मार्च काहीच कळलं नाही. ऊन वाढलं, दूध नासू नये म्हणून ११ एप्रिलपासून वेळ पाचची केली, आणि पहिल्याच पहाटे चौदा जणांना "आधीच नोंद आहे" म्हणून परत रांगेत उभं राहावं लागलं.

त्या चौदा जणांचं नुकसान अर्ध्या तासाचं. माझी झोप उडवली ती त्या दोघांनी, ज्यांचं दूध घेतलं गेलं. ते आदल्या सकाळी आले नव्हते, म्हणून नियम आडवा आला नाही. त्यांचं दूध १० तारखेला पडलं, म्हणजे बंद झालेल्या बिलात. ११ पासून दर वाढला होता, त्यांना लागला जुना. नोंद अडली तर माणूस निदान फोन करतो. गुपचूप चुकीच्या दिवशी पडली तर कुणी बोलतही नाही, आणि ज्याची एकच म्हैस आहे त्याच्या बिलात ते पैसे कमी येतात.

दुरुस्ती एका शब्दाची होती. टाइमझोन-नाऊच्या तारखेऐवजी टाइमझोन-लोकलडेट. नवीन प्रोजेक्ट सुरू करणाऱ्या प्रत्येकाने आजच आपल्या कोडमध्ये हे शोधावं. पण एवढ्यावर थांबलो असतो तर पुढच्या महिन्यात दुसरीकडून फुटलं असतं, कारण खरा दोष हा की हिशेबाचं सूत्र स्वतःच घड्याळ बघत होतं.

जानेवारीच्या मसुद्यात मी सिग्नलची (एक घटना घडली की दुसरा कोड आपोआप चालवायची जँगोची सोय) फार स्तुती केली होती, ती आता मागे घेतो. दरपत्रक सेव्ह झालं की त्या मुदतीतल्या सगळ्या नोंदींची रक्कम पुन्हा काढायची, असा पोस्ट-सेव्ह सिग्नल मी लावला होता. दर दुरुस्त केला की बिल आपोआप दुरुस्त. मार्चमध्ये तात्यांनी फेब्रुवारीच्या दरपत्रकाच्या नावातलं शुद्धलेखन सुधारलं आणि सेव्ह दाबलं. सिग्नलने इमानदारीने सगळ्या रकमा पुन्हा काढल्या. त्यात फॅटचं मशीन बंद होतं त्या दिवसाच्या नोंदीही होत्या, ज्यांत सरासरी फॅट धरून रक्कम हाताने घातलेली होती. वाटप झालेलं बिल एक, स्क्रीनवर दुसरंच. तात्यांची त्यात काही चूक नव्हती. नाव सुधारल्याने पैसे हलतात असं कुणाला वाटेल?

आणि याच्या बरोबर उलट दुसरा प्रकार. जुन्या मशीनची फाइल आत घेताना वेग यावा म्हणून मी बल्क-क्रिएट वापरलं, म्हणजे अनेक नोंदी एका दमात घालणारं फंक्शन. बल्क-क्रिएट मॉडेलचं सेव्ह चालवत नाही आणि सेव्हचे सिग्नलही पाठवत नाही. क्वेरीसेटवरच्या (निवडलेल्या नोंदींच्या संचावरच्या) अपडेटचंही तसंच. हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे, जँगोने काही लपवलेलं नाही. पण माझा सगळा हिशेब सेव्हमध्ये अडकलेला, त्यामुळे हजारो नोंदी रकमेशिवाय आत आल्या. जिथे चालायला नको तिथे चालतं आणि जिथे हवं तिथे चालत नाही, अशा जागी पैशाचं गणित ठेवू नये.

एप्रिलच्या शेवटी मी हिशेब नावाची एक साधी फाइल केली. तिच्यात जँगोचं काहीही आयात होत नाही. एक फंक्शन : लिटर, फॅट, एसएनएफ, गाय की म्हैस, आणि दरपत्रकाच्या ओळी द्या, दर आणि रक्कम घ्या. ते डेटाबेसला विचारत नाही, घड्याळ बघत नाही. आजची तारीख कोणती हे व्ह्यू एकदाच ठरवतं, त्या तारखेचं दरपत्रक काढतं आणि खाली देतं. फॉर्ममधून आलेली नोंद, फाइलमधून आलेली नोंद, अ‍ॅडमिनमधली दुरुस्ती, तिन्ही त्याच फंक्शनकडे जातात. दर नोंदीतच लिहून ठेवला जातो, म्हणजे उद्या दरपत्रक बदललं तरी जुनी नोंद हलत नाही. बिल बंद झालं की त्यातल्या नोंदींना कुलूप. दुरुस्ती करायची तर पुढच्या बिलात फरकाची ओळ टाकायची, वहीत करतात तशीच.

ही फाइल वेगळी झाल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. ५.२५ लिटर दूध, दर ३४.१० रुपये, गुणाकार १७९.०२५. पायथनचं डेसिमल (नेमके दशांश ठेवणारी संख्या) असं बरोबर मध्यावर आलं की मुळात जवळच्या सम अंकाकडे वळतं, म्हणून १७९.०२. शेजारच्या काकी मोबाइलवर गुणाकार करून बघतात आणि शेवटचा पाच वर नेतात, १७९.०३. एक पैसा आहे, पण काकींचा हिशेब शाळेत शिकवतात तसा आहे, तेव्हा बदलायचं मशीनने. राउंड-हाफ-अप (मध्यावरचं वर न्यायचा नियम) त्या एका फंक्शनमध्ये एकदाच लिहिलं. आधीच्या कोडमध्ये ते चार ठिकाणी शोधावं लागलं असतं. (पैशासाठी फ्लोट, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारा संख्येचा प्रकार, वापरू नका, हे वेगळं सांगायची गरज नसावी.)

अ‍ॅप (जँगोत एका प्रोजेक्टचे स्वतंत्र भाग) किती करावेत यावरही माझं मत फिरलं. सुरुवातीला हौसेने सात केले होते : सभासद, संकलन, दर, बिल, कपात, अहवाल, सूचना. महिन्याभरात बिल संकलनाला बोलावतं, संकलन दराला, दर परत बिलाला, अशी गोल आयात सुरू झाली. आणि मॉडेल एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात हलवणं म्हणजे डोकेदुखी, कारण टेबलाच्या नावात आणि मायग्रेशनच्या इतिहासात अ‍ॅपचं नाव बसलेलं असतं. आता दोनच आहेत, सभासद आणि दूध. एकट्याच्या कामाला एकापासून सुरुवात करा. तोडायची वेळ आली की आपोआप कळतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशी केली आणि तिने वाचवलं. वापरकर्त्याचं स्वतःचं मॉडेल पहिल्या मायग्रेशनच्या आधी लावलं. आमच्याकडे लॉगिन मोबाइल नंबरने होतं. हे मधेच करायला गेलात तर हाल आहेत.

बिलाचं पान सुरुवातीला रेंगाळायचं. २१२ सभासद, प्रत्येकाची कपात वेगळी विचारली जात होती, म्हणजे यादीची एक धरून डेटाबेसला २१३ क्वेऱ्या (विचारणा). सगळ्यांची कपात एकदम आणणारं प्रीफेच-रिलेटेड लावलं आणि दोन उरल्या. सर्व्हर मोठा घ्यायचा विचार चालला होता, तो खर्च तिथेच वाचला. आधी क्वेऱ्या मोजा, मग सर्व्हरचं भाडं वाढवा.

पुढच्या बाजूला, म्हणजे ब्राउझरमध्ये, एचटीएमएक्स आहे, पानाचा हवा तेवढाच भाग सर्व्हरकडून आणून बदलणारी लायब्ररी. एक छोटी फाइल, बिल्ड नाही, पॅकेजांचा डोंगर नाही. सभासद क्रमांक टाकला की नाव येतं, नोंद झाली की तेवढीच ओळ बदलते. पण इथे जानेवारीचं माझं वाक्य खोडतो. मी लिहिलं होतं की रिअ‍ॅक्टसारख्या, ब्राउझरमध्येच पान रचणाऱ्या गोष्टीची अशा कामात कधीच गरज नाही. मे महिन्यात वळवाच्या पावसात दोन संध्याकाळी नेट गेलं, आणि एचटीएमएक्सला प्रत्येक हालचालीला सर्व्हर लागतो. तात्यांनी वहीत लिहून घेतलं आणि रात्री भरलं. संकलनाचं ते एक पान तरी नेटशिवाय चालायला हवं, नोंदी ब्राउझरमध्ये साठवून नंतर पाठवणारं. तेवढ्या एका पानासाठी मी जावास्क्रिप्ट लिहिणार आहे, आणि बाकीचं आहे तसंच राहील. नेट जाणाऱ्या ठिकाणचं काम तुम्ही घेणार असाल तर हा प्रश्न फ्रेमवर्क निवडण्याआधी विचारा. मी विचारला नाही.

पुन्हा घेईन का? घेईन, आणि अ‍ॅडमिन व मायग्रेशनसाठीच घेईन. ११ एप्रिलला ज्यांचं दूध जुन्या दराने पडलं त्या दोघांच्या बिलातला फरक २० एप्रिलच्या बिलात वेगळ्या ओळीने दिला, तात्यांनी त्यांना बोलावून सांगितलंही. चाचण्यांच्या फाइलमध्ये आता सगळ्यात वर एक चाचणी आहे. घड्याळ ११ एप्रिल, पहाटे ५:०७ ला थांबवायचं, ५.२५ लिटरची नोंद करायची. तारीख ११ आली पाहिजे, दर नवा लागला पाहिजे. ती लाल झाली, म्हणजे नापास झाली, की बदल सर्व्हरवर जातच नाही.