नॅशनल थिएटर ॲट होम : पहिली रांग सर्वांना, पण नजर कॅमेऱ्याची

नाट्यगृहातील विषमता आसनव्यवस्थेत उघड दिसते. लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांसाठी प्रसिद्ध भागातील अनेक जुन्या नाट्यगृहांत गॅलरीच्या, म्हणजे सर्वांत वरच्या स्वस्त आसनांच्या, प्रेक्षकांसाठी रस्त्यावरूनच वेगळे दार आणि वेगळा जिना असे. एकच नाटक पाहायला आलेल्या माणसांची गाठ पडू नये, अशी सोय बांधकामातच होती. नॅशनल थिएटर या ब्रिटिश नाट्यसंस्थेच्या १९७६ मध्ये लंडनमध्ये खुल्या झालेल्या इमारतीत वास्तुविशारद डेनिस लॅस्डन यांनी हा प्रघात मोडला आणि त्यातील ऑलिव्हिए प्रेक्षागृह ग्रीसमधील एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहाच्या प्रेरणेने पंख्याच्या आकाराचे केले.

याच संस्थेची डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेली ‘नॅशनल थिएटर ॲट होम’ ही सेवा चित्रित नाट्यप्रयोग इंटरनेटवरून घरबसल्या पाहू देते. शेवटच्या रांगेतून नटाची केवळ देहबोली दिसते. ओठांची थरथर, गिळलेला आवंढा हे आजवर महागड्या तिकिटाबरोबरच मिळत असे. इथे ते प्रत्येक वर्गणीदाराला सारखेच मिळते आणि ही मला या सेवेची सर्वांत मोलाची बाजू वाटते. उपशीर्षकांची आणि अनेक प्रयोगांना ध्वनिवर्णनाची (दृष्टिहीनांसाठी दृश्याचे बोलून केलेले वर्णन) सोय आहे, तीही उत्तम.

माझा गंभीर आक्षेप मात्र चित्रीकरणाच्या पद्धतीवरच आहे. प्रेक्षागृहात बसलेला माणूस मालकाचे स्वगत चालू असताना कोपऱ्यात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नोकराकडे पाहू शकतो, आणि वर्गभेदावरच्या नाटकात अर्थ पुष्कळदा त्या मूक उभे राहण्यातच असतो; कॅमेरा मात्र बहुधा बोलणाऱ्याकडे वळतो आणि ज्याला संवाद नाहीत तो चौकटीबाहेर जातो. अशा प्रसंगांत संपूर्ण रंगमंच अधिक वेळ दिसायला हवा.

शिवाय प्रेक्षकांतील दरी कमी झाली, तरी रंगमंचावर कोण पोचतो हा प्रश्न या सेवेच्या आवाक्याबाहेरचा आहे. महागडे नाट्यशिक्षण आणि कामाविना जाणारे महिने ज्यांना घरच्या पैशावर निभावता येतात, तेच या व्यवसायात टिकण्याची शक्यता अधिक असते. त्या दृष्टीने ब्रिटनमधील सरकारी शाळांना ‘नॅशनल थिएटर कलेक्शन’ हा चित्रित नाटकांचा संग्रह विनामूल्य मिळतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

एकेक नाटक भाड्यानेही घेता येते. मासिक वर्गणी भरण्याआधी, अनेक पात्रे एकाच वेळी रंगमंचावर असणारे एखादे नाटक तसे घेऊन चित्रीकरण आपल्याला मानवते का, हे अवश्य पाहावे.