दोन सेट चाकं आणि एक गाडी: हवेच्या सेन्सरचं काय करायचं?

मिरगाच्या आधी चाकं बदलायची आणि दसऱ्याच्या आसपास मूळची परत चढवायची, हा आमच्याकडे गेल्या चार वर्षांचा क्रम आहे. परभणीहून शेताकडे जाताना शेवटचे तीन किलोमीटर पांदण रस्ता आहे. पाऊस झाला की तिथली काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. म्हणून पावसाळ्यात लोखंडी डिस्कवर जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर, आणि बाकीचं वर्ष कंपनीचे अलॉय. जालन्याहून समृद्धीवर चढलं की कारला ताशी १२० ची मुभा आहे. त्या काँक्रीटवर ऑल-टेरेन टायर नुसते घुमत राहतात आणि डिझेलही जास्त पितात.

चाकं बदलणं अवघड नाही. जॅक, पाना, एक मदतीला माणूस आणि तासभर वेळ. घोडं अडतं ते टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर कळवणाऱ्या सेन्सरपाशी. गेल्या महिन्यात सेलूच्या दाजींनी दुसऱ्या डिस्क घेतल्या आणि फोन केला, "सेन्सर नवे घेऊ, का आहेत तेच इकडून तिकडं करू, का सोडूनच देऊ?" तिन्ही गोष्टी मी करून बघितल्या आहेत, म्हणून त्यांना जे बोललो ते इथे नीट मांडतो.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा

कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस या गाड्यांच्या चाकांत सेन्सर नसतोच. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो, त्यावरूनच गाडी अंदाज बांधते. हवा कमी झाली की टायर बसतो, त्याचा घेर किंचित घटतो आणि ते चाक बाकीच्या तिघांपेक्षा जास्त फेरे घेतं. तुमची गाडी अशी असेल तर सेन्सरवर एक रुपयाही घालू नका. दुसरी चाकं चढवा, थंड टायरमध्ये हवा बरोबर भरा, मेनूत जाऊन रीसेट करा, संपलं. या पद्धतीची एक उणीव मात्र माहीत असू द्या. चारही टायरांची हवा सारखीच उतरली तर तिला ते सहसा कळत नाही. आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआय कमी होतो. मे महिन्यात ४२ अंशांत भरलेली हवा डिसेंबरातल्या १२ अंशांच्या पहाटे चार-साडेचार पीएसआय कमी दिसणार, तीही चारही चाकांत एकदम. अशा गाडीवाल्यांनी थंडी सुरू होताच गेज लावून बघावं.

डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल तर आत खरे सेन्सर आहेत. व्हॉल्व्हच्या मुळाशी, डिस्कच्या आतल्या बाजूला, काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकची डबी असते. तिच्यात लिथियमचा सेल असतो, तो बदलता येत नाही, आणि पाच ते दहा वर्षांत डबीसकट फेकावा लागतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो, बहुतेक आठ अक्षर-आकड्यांचा. गाडी फक्त तिला शिकवलेल्या चार नंबरांचं ऐकते, बाकीच्यांकडे लक्ष देत नाही. दुसरी चाकं चढवल्यावर जो घोळ होतो तो सगळा या एका गोष्टीतून.

दिव्याची भाषाही ओळखून ठेवा. घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा सरळ लागून राहिला तर हवा कमी आहे. सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर गाडीला सेन्सर सापडत नाहीये. दोन्हींचा उपाय वेगळा. लुकलुकणाऱ्या दिव्यावर हवा भरत बसून उपयोग नाही.

तेच सेन्सर इकडून तिकडे

ऐकायला हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पहिल्या वर्षी मी हाच धरला. पण हिशोब बघा. सेन्सर डिस्कच्या आत असतो, म्हणजे तो काढायला चार टायर खोलायचे आणि बसवायला दुसरे चार खोलायचे. एका बदलाला आठ टायर, वर्षाला सोळा. प्रत्येक वेळी व्हॉल्व्हचे रबरी वायसर नवे, बॅलन्सिंग नवं. शिवाय टायरची कड डिस्कवरून सोडवणाऱ्या मशीनचा फाळ व्हॉल्व्हच्या जागी दाबला गेला की डबी फुटलीच.

माझी अशीच फुटली. एका दुकानात पोरगं नवीन होतं, त्यानं व्हॉल्व्ह कुठे आहे न बघता फाळ लावला. कट् असा आवाज आला तेव्हा आम्हाला वाटलं कड सुटली. घरी आल्यावर दिवा लुकलुकला. टायर परत खोलला तर डबी दोन तुकडे होऊन आत खुळखुळत होती, आणि तिने टायरच्या आतल्या रबरावर बोटभर ओरखडा काढला होता. त्या पोराचाही दोष म्हणवत नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तेव्हापासून टायर कुठेही खोलायचा असला तर मी व्हॉल्व्हशेजारी खडूने मोठी फुली मारतो आणि "इथं सेन्सर आहे, फाळ समोरच्या बाजूला लाव" असं तोंडाने सांगतो.

डिस्क एकच आणि टायरच दोन प्रकारचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे सेन्सर हलवायचेच नसतात, नंबरही तेच राहतात. पण ज्याच्याकडे पूर्ण दोन सेट आहेत त्याने ही वाट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरे सेन्सर, पण नवीन नंबरचे की जुन्याच नंबरचे?

खरी निवड इथे आहे.

दुसऱ्या डिस्कमध्ये कंपनीचे नवे सेन्सर बसवले तर त्यांचे नंबर वेगळे असणार. मग ते गाडीला शिकवावे लागतात, आणि शिकवण्याची रीत गाडीगणिक बदलते. काही गाड्या आपोआप शिकतात. पाव तास बाहेर उभी ठेवायची, मग वीसेक मिनिटं बऱ्या वेगाने चालवायची, आकडे येतात. काहींत गाडी शिकण्याच्या अवस्थेत टाकून प्रत्येक व्हॉल्व्हजवळ हातातलं यंत्र धरावं लागतं, बहुधा डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं या क्रमाने. काहींत स्कॅनर गाडीच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक गाडीचा कॉम्प्युटर तपासायला वापरतो ते) लावून नंबर लिहावे लागतात. परदेशात विकल्या जाणाऱ्या काही टोयोटा-लेक्सस गाड्यांत दोन्ही सेटचे नंबर साठवायची सोय असते, बर्फाच्या देशांत दर हिवाळ्याला चाकं बदलतात म्हणून. आपल्याकडच्या गाड्यांत मला अजून ती दिसलेली नाही.

गाडी आपोआप शिकणारी असेल तर कंपनीचे दुसरे चार घ्या आणि निश्चिंत राहा. पण यंत्र किंवा स्कॅनर लागणारी असेल तर वर्षातून दोनदा सर्व्हिस सेंटरची वारी आली. संभाजीनगरात राहणाऱ्याला ते जमेल. जिंतूर, गंगाखेड, औंढ्याच्या माणसाने त्यासाठी दिवस मोडायचा का?

दुसरा मार्ग म्हणजे नंबरची नक्कल. बाजारात ऑटेल, श्रेडर वगैरेंचे कोरे सेन्सर मिळतात, त्यांच्यात हवा तो नंबर लिहिता येतो. दुकानदार हातातलं यंत्र तुमच्या चालू सेन्सरच्या व्हॉल्व्हशेजारी धरतो, १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने सेन्सर जागा होतो, आणि यंत्राच्या पडद्यावर नंबर, दाब, तापमान उमटतं. तोच नंबर कोऱ्या सेन्सरवर लिहायचा. चारही झाले की गाडीच्या लेखी काही बदललेलंच नसतं. जूनमध्ये चाकं चढवली की थोडं अंतर चालल्यावर आकडे हजर, ऑक्टोबरात उलट केलं तरी तेच. खर्च एकदाच, साधारण एका चांगल्या टायरच्या आसपास. मी तीन वर्षांपूर्वी हे केलं आणि तेव्हापासून सेन्सरसाठी कोणाच्या दारात गेलो नाही.

नकलेचे स्वतःचे नियम आहेत. दोन्ही सेटमध्ये जागा जुळल्याच पाहिजेत. मी डिस्कच्या आतल्या अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटने "डापु, उपु, डामा, उमा" लिहून ठेवलंय. पुढची चाकं मागे केली की आकडेही चुकीच्या जागी दिसणार, हे लक्षात ठेवावं लागतं. दुसरा सेट डिकीत घालून प्रवास करू नये, एकाच नंबरचे दोन सेन्सर जवळजवळ जागे झाले तर गाडी गोंधळते. घरी ठेवलेले सेन्सर सहसा झोपलेले असतात, पण दाब एकदम बदलला की ते बोलतात. एकदा मी पडवीतल्या सेटची हवा सोडत होतो आणि शेजारीच गाडी चालू होती, तर डॅशबोर्डवर उजवं मागचं चाक १४ वर! खाली उतरून बघतो तो चाक ठणठणीत.

नक्कल जिवंत सेन्सरवरूनच होते. सेल संपला की नंबर वाचता येत नाही. म्हणून आजच चारही नंबर कागदावर उतरवून घ्या. नंबर लिहिलेला असला की यंत्रात तो हातानेही घालता येतो. माझे आरसीच्या पाकिटात आतून बॉलपेनने लिहिलेले आहेत.

ऑनलाइन घेताना मेगाहर्ट्झ बघा. आपल्याकडच्या गाड्यांना सहसा ४३३ चे लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे ३१५ चे असतात, ते स्वस्तात दिसले तरी आपल्या गाडीशी बोलणार नाहीत.

टोपणवाले, आणि काहीच नाही

व्हॉल्व्हवर टोपणाच्या जागी फिरवायचे सेन्सर आणि काचेजवळ ठेवायचा उन्हावर चार्ज होणारा पडदा, असा संच दोन ते चार हजारांत येतो. चाकं बदलली की चार टोपणं काढून दुसरीकडे फिरवायची, पाच मिनिटांचं काम. गाडीत मूळचे सेन्सरच नसतील, किंवा जुनी बोलेरो शेतापुरतीच फिरत असेल, तर मी हेच घ्यायला सांगतो. पण मूळचे सेन्सर असलेल्या गाडीचा पिवळा दिवा यांनी विझत नाही, ही यंत्रणा वेगळी आणि ती वेगळी. शिवाय हवा भरताना दरवेळी टोपण काढायचं, चिखलात ते घासतं, आणि रबरी व्हॉल्व्हवर त्याचं वजन पडतं. डांबरी रस्त्यापेक्षा पांदणीवर मला याचीच जास्त काळजी वाटते.

पावसाळ्याचे चार महिने सेन्सरशिवायच काढायचे म्हटलं तर? गाव ते शेत, ताशी चाळीसच्या आत, आठवड्याला गेज लावणार असाल तर चालेल. तसंही चिखलासाठी हवा २२ वर आणली की खरा सेन्सरही दिवा लावूनच ठेवतो, कारण त्याची मर्यादा कंपनीने रस्त्याच्या दाबावर बांधलेली असते. अमेरिकेच्या नियमात ठरवलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली गेल्यावर इशारा सक्तीचा आहे, युरोपात २० टक्के. म्हणजे ३३ ची हवा २५-२६ पर्यंत उतरेपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. शेतावर माझ्या कामाचा असतो तो आकडा, दिवा नव्हे.

पण त्याच चाकांवर समृद्धी गाठणार असाल तर सेन्सरशिवाय जाऊ नका. आणि तुमची गाडी स्टेपनीऐवजी पंक्चर किट घेऊन आलेली असेल तर मुळीच नको. २०२० मध्ये केंद्राने स्टेपनी नसलेल्या कारला परवानगी दिली ती किट आणि हवेचा सेन्सर दोन्ही असतील या अटीवर. त्यातला एक पाय तुम्ही स्वतःच काढताय. किटमधलं द्रावण वापरलंत तर पुढच्या दुकानात ते सांगा, सेन्सरचं छिद्र त्याने बुजतं आणि ते साफ करावं लागतं.

दाजींची गाडी आकडे दाखवणारी, आपोआप न शिकणारी, आणि वर्षातून दोनदा चाकं बदलायची. त्यांना मी नकलेचे चार घ्यायला लावले. बसवून झाल्यावर दुकानातून लगेच निघू नका म्हणालो. एक चक्कर मारून चारही आकडे येऊ द्या. मग डाव्या पुढच्या चाकातली तीन-चार पीएसआय हवा सोडा, परत थोडी चालवा, आणि पडद्यावर डावं पुढचंच उतरलं का बघा. मग उजवं पुढचं, मग मागची दोन्ही. दाजींच्या वेळी उजवं मागचं सोडलं आणि डावं मागचं उतरलं. दुकानदाराने दोन्ही चाकं अदलाबदल केली, हवा परत ३३ केली, तेव्हा ते सेलूला निघाले.