रास्पबेरीच्या पानांचा चहा, आठ आठवडे पिऊन झाल्यावर

मी लेस्टरला राहते, मुलगी आता तीन महिन्यांची आहे. गरोदरपणाचा 32 वा आठवडा लागल्यावर मिडवाइफला (इथली सुईण) विचारून हा चहा सुरू केला, त्याआधी घ्यायचा नाही असं तिनेच बजावलं होतं. पहिल्यांदा टीबॅग आणल्या, एक फोडून बघितली तर आत नुसता भुगा, मग एका हर्बल दुकानातून सुटी पानं घेतली, 50 ग्रॅमला साडेचार पौंड, रिव्ह्यू त्याचाच आहे.

फळाचा वास चव काहीच येत नाही हे आधीच सांगते, कारण मी महाबळेश्वरची रासबेरी डोक्यात ठेवूनच पहिला घोट घेतला होता. पानाची वरची बाजू हिरवी, खालची चंदेरी आणि बारीक लव असलेली, त्यामुळे बोटांनी चुरलं तर पावडर होत नाही, कापसासारखे पुंजके होतात, आणि ह्या पाकिटात ते अगदी छान होतात. चमचाभर पानं, उकळतं पाणी, वर बशी झाकून दहा मिनिटं. लागतो कोऱ्या चहासारखा, मागून जीभ तुरट होते, ते टॅनिन. म्हणूनच युरोपात घसा दुखला की गुळण्यांना आणि जुलाबावर हा काढा पूर्वापार वापरतात. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, अगं उष्ण नाही ना पडणार?

पाकिटावर ‘सोप्या बाळंतपणासाठी’ छापलंय ते मात्र मला खरंच खटकलं. 1941 ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात बर्न आणि विदेल ह्या संशोधकांनी पानांच्या अर्काने गर्भाशयाचा स्नायू सैल पडतो असं दाखवलं, पण ते प्राण्यांवर. 2001 साली ऑस्ट्रेलियात 192 बायकांवरची ट्रायल छापून आली, तीही चहाची नाही, गोळ्यांची, त्यात कळांचा पहिला टप्पा कमी झालाच नाही, दुसरा, म्हणजे जोर लावून बाळ बाहेर येईपर्यंतचा, सरासरी दहाएक मिनिटांनी कमी झाला आणि फोर्सेप्स (बाळ ओढून काढायचा चिमटा) थोडे कमी लागले, बस एवढंच. घाबरलेल्या बाईला एवढ्यावर सोपं बाळंतपण कबूल करणं बरोबर नाही. माझ्या कळा चौदा तास चालल्या. आधी सिझर झालं असेल किंवा ब्लीडिंग होत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

पानांना पाचपैकी चार, एक स्टार त्या ओळीचा कापला. पाकिटाची झिप नीट लागत नाही, मी बरणीत भरून ठेवलीत, आता घसा धरला की गुळण्यांना काढते.