कुस्कोतली ‘रद्द झालेली जागा’

पेरूतलं कुस्को शहर सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरल्यावर सुरुवातीचे दिवस डोकं जड, झोप तुटक, आणि सान ब्लास या जुन्या वस्तीच्या चढावर दर वळणाला दम खात उभं राहायचं. ट्रेकआधी शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून सगळेच इथे काही दिवस नुसते काढतात. ठगांचा धंदा नेमका या रिकाम्या दिवसांवर चालतो, असं माझं मत झालंय.

प्लासा दे आर्मास या मुख्य चौकात पत्रकं वाटणारी पोरं पावलोपावली भेटतात. त्यांतल्या एकाने मला आणि माझ्या मित्राला गल्लीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या कचेरीत नेलं. भिंतीवर माचू पिचूचे फोटो, टेबलावर कोकाच्या पानांचा चहा, बोलायला अत्यंत गोड माणूस. माचू पिचूच्या प्राचीन इंका अवशेषांपर्यंत पायी नेणाऱ्या चार दिवसांच्या इंका ट्रेलवर दोन जागा नुकत्याच रद्द झाल्यात, म्हणाला. भाव इतरांपेक्षा बराच कमी, पण निर्णय आजच्या आज हवा. आम्ही निम्मी रक्कम डॉलरमध्ये मोजली.

आता ही ‘रद्द झालेली जागा’ काय असते ते नीट समजून घ्या. इंका ट्रेलवर दिवसाला 500 माणसांनाच सोडतात, तेही हमाल आणि गाइड धरून. म्हणजे पर्यटकांच्या वाट्याला साधारण 200 जागा. मे ते सप्टेंबरच्या गर्दीत त्या कित्येक महिने आधी संपतात आणि फेब्रुवारीत ट्रेल बंदच असतो. परवाना फक्त अधिकृत एजन्सीमार्फत मिळतो आणि तो पासपोर्ट नंबरावर निघतो. एकाचा परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ट्रेल जिथून सुरू होतो त्या ‘किलोमीटर 82’च्या नाक्यावर पासपोर्ट उघडून नंबर ताडून पाहतात. त्यामुळे कुणी आयत्या वेळी माघार घेतली तरी त्याची जागा तुम्हाला विकण्याजोगी उरतच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने छापील परवाना दिला. नावं आमचीच होती. पण मित्राची नजर नंबरावर गेली. आपल्या पासपोर्टच्या नंबरात एक अक्षर आणि सात आकडे असतात, इथे सरळ नऊ आकडे होते. कुणा भलत्याच्याच कागदावर आमची नावं चढवलेली.

विचारल्यावर साहेबांचा सूर बदलला. आधी म्हणे छपाईची चूक. मग म्हणे दरड कोसळून ट्रेलच बंद झालाय, तुम्हाला त्याच पैशांत साल्कांतायला, म्हणजे माचू पिचूकडे जाणाऱ्या दुसऱ्या डोंगरवाटेला पाठवतो. बहुतेक फसवणुकीचा खरा बेत हाच असतो असं नंतर हॉस्टेलात ऐकलं. साल्कांतायच्या वाटेला असा परवाना लागत नाही, ती सहल कितीतरी स्वस्त पडते, आणि माणूस ‘आलोच आहोत तर’ म्हणून निमूट जातो.

आम्ही वाद घालत बसलो नाही. ‘लिब्रो दे रेक्लामासियोनेस’ मागितली. पेरूमध्ये प्रत्येक दुकानाला, कचेरीला ही तक्रारवही ठेवावीच लागते. गिऱ्हाइकाने मागितल्यावर ती न देणं हा नियमभंग धरला जातो. वहीचं नाव काढताच माणूस खुर्चीतून उठला आणि पैसे परत द्यायला तयार झाला. डॉलर घेतले होते, परत दिले सोल, म्हणजे पेरूचं चलन, आणि दर त्याच्या मर्जीचा. तरी म्हटलं, सुटलो.

संध्याकाळी आवेनिदा एल सोलवरच्या औषधाच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि त्याने दिलेल्या गड्डीतली शंभर सोलची नोट पुढे केली. बाईंनी ती बोटांनी चोळली, दिव्यासमोर धरली आणि मान हलवत परत दिली. नोट खोटी होती. त्याच गड्डीत आणखीही निघाल्या. पेरूत खोट्या नोटा इतक्या फिरतात की भाजीवालीसुद्धा प्रत्येक नोट उजेडात धरून बघते, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. तुम्हीही समोरच बघा: जलचिन्ह, सुरक्षा धागा, हाताला लागणारी उठावाची छपाई. पर्यटक पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, वागले चांगले, पण कचेरीचं शटर तोवर खाली आलं होतं.

पुढे साल्कांताय केलाच, दुसऱ्या एजन्सीकडून, 4,600 मीटरची खिंड ओलांडून. त्यांच्याकडून पैसे देण्याआधी दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, त्यांचा अकरा आकडी कर-क्रमांक, ज्याला तिथे ‘रुक’ म्हणतात. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की धंदा कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. दुसरी, माचू पिचूचं तिकीट. साल्कांतायला परवाना नसला तरी हे तिकीट वेगळं लागतं आणि तेही नाव नि पासपोर्ट नंबर घालूनच निघतं. ‘अग्वास कालिएंतेसला (माचू पिचूच्या पायथ्याच्या गावाला) पोचलात की देतो’ असं म्हणणारे दोघे भेटले होते. त्यांना नमस्कार करून बाहेर पडलो.