रनिंग बोर्ड : घडवून घ्यावे की तयार मिळवावे?

जुन्या मोटारीचे रनिंग बोर्ड म्हणजे केवळ चढताना पाय टेकवायची फळी, असे समजून निर्णय घेतला तर पुढे त्रास होतो. हा बोर्ड पुढच्या आणि मागच्या मडगार्डांना एकमेकांशी बांधतो. त्याची लांबी काही मिलिमीटरने जरी चुकली, तरी बोल्ट आवळताना मडगार्ड ओढले जाते आणि रंगाला तडे जातात. म्हणून खर्चाचा किंवा वेळेचा विचार करण्यापूर्वी आपल्या गाडीला मुळात कोणता बोर्ड होता, लाकडाचा की दाबलेल्या पत्र्याचा, हे निश्चित करावे. वर्ष थोडे बदलले तरी उत्तर बदलू शकते. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या सुरुवातीच्या गाड्यांना लाकडी बोर्ड होते, पुढे त्याच मॉडेलला उठावाची नक्षी असलेला पत्र्याचा बोर्ड आला.

मूळ बोर्ड लाकडी असेल, तर तो घडवून घेणेच मला जवळजवळ नेहमी योग्य वाटते. जुना बोर्ड कुजलेला असला तरी त्यावरून मापे आणि छिद्रांच्या जागा उतरवून घेता येतात आणि चांगल्या सुताराला हे काम अवघड नसते. लाकूड मात्र विचारपूर्वक निवडावे. ओक मजबूत असला तरी त्यातील आम्लामुळे साध्या लोखंडी बोल्टांना लवकर गंज चढतो, त्यामुळे ॲशचे लाकूड अधिक सोयीचे. मरीन प्लायवूड वाकत नाही, पण त्याच्या उघड्या कडा पाणी शोषतात. लाकूड कोणतेही असो, वरच्या पृष्ठभागाइतकेच लक्ष खालच्या बाजूकडे आणि प्रत्येक छिद्राच्या आतील भिंतीकडे द्यावे लागते, कारण चाकांनी उडवलेले पाणी तेथूनच आत शिरते. सर्व छिद्रे पाडून झाल्यावर, वरचे आवरण म्हणून लिनोलियम किंवा रबर चिकटवण्यापूर्वी, सगळीकडे सीलर (पाणी अडवणारा लेप) भरावा. कडेच्या ॲल्युमिनियम पट्टीचा कोपरा ४५ अंशांत कापून जुळवलेला असेल, तर काम जाणत्या हाताचे आहे हे लगेच ओळखू येते. एकावर एक चढवलेली पट्टी बुटाला अडकते आणि हळूहळू उचकटते.

पत्र्याच्या बोर्डाबाबत माझे मत नेमके उलट आहे. सरळ, सपाट बोर्ड असेल तर सुमारे १.६ मिमी जाडीच्या पत्र्याला कडा वळवून आणि खालून आधारपट्ट्या जोडून तो करता येतो. परंतु १९३० च्या दशकातील अनेक गाड्यांचे बोर्ड दोन्ही टोकांना मडगार्डाच्या वळणात मिसळतात, आणि कारखान्यातल्या प्रेसमध्ये आलेला तो आकार हाताने उतरवणे फार कष्टाचे आहे. बीड रोलरवर, म्हणजे पत्र्यावर उंचवट्याच्या रेषा उठवणाऱ्या यंत्रावर, उभार (बीड) काढताना पत्रा आत ओढला जातो, त्यामुळे आधी नेमक्या मापात कापलेला तुकडा शेवटी आखूड भरतो. कारागीर बीड काढून झाल्यावरच बाहेरची कड कापणार आहे ना, हे काम देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

अशा गाडीसाठी जुना मूळ बोर्ड मिळाला, तर तो थोडा गंजलेला असला तरी मी त्यालाच प्राधान्य देईन, कारण त्याचा आकार आणि छिद्रे मूळचीच असतात. मात्र डावा आणि उजवा बोर्ड एकमेकांच्या जागी बसत नाही, हे ध्यानात ठेवावे. बोर्ड उलटा करून ब्रॅकेटजवळचा, म्हणजे बोर्डाला खालून धरणाऱ्या आधारांजवळचा, पत्रा टोकदार हत्याराने टोचून पाहावा. रबर कडेने फुगलेले दिसले, तर त्याखाली गंज धरला आहे असेच मानावे. ज्या बोर्डांवर रबर व्हल्कनाइझ करून (उष्णतेने व दाबाने पत्र्याशी एकजीव करून) बसवलेले होते, त्यांवर नवे रबर नुसते चिकटवले तर मूळचे रूप येत नाही. पुन्हा व्हल्कनाइझ करण्यासाठी त्या मॉडेलचा साचा लागतो, आणि तो कोणाकडे नसेल तर बोर्डाची किंमत कितीही कमी असली तरी खरेदी थांबवून विचार करावा.

नव्याने बनवलेले तयार बोर्ड फोर्ड मॉडेल ए किंवा फोक्सवॅगन बीटलसारख्या मोठ्या संख्येने टिकून राहिलेल्या गाड्यांसाठी मिळतात. गाडी लवकर रस्त्यावर आणायची असेल तर हा मार्ग उत्तम आहे. पत्रा पातळ असेल, तर दोन ब्रॅकेटांच्या मधोमध पाय देताच बोर्ड दबतो आणि वरचे रबर सुटू लागते. त्यामुळे घेण्याआधी जाडी मोजावी आणि शक्यतो रंग न दिलेलाच बोर्ड मागवावा, म्हणजे वेल्डिंग उघड दिसते आणि छिद्र थोडे सरकवावे लागले तरी रंग वाया जात नाही.

बोर्ड कोणत्याही मार्गाने आला, तरी रंगकामापूर्वी तो गाडीवर लावून पाहावा. आधी चासीचे (गाडीच्या खालच्या सांगाड्याचे) ब्रॅकेट एका पातळीत आहेत का ते दोरी ताणून तपासावे, कारण वाकलेल्या ब्रॅकेटचा दोष पुष्कळदा निष्पाप बोर्डावर येतो. मग सर्व बोल्ट सैल ठेवून दोन्ही मडगार्ड जुळवावीत, दारे उघडून-मिटून पाहावीत, लागेल तेथे वॉशरचे पॅकिंग द्यावे आणि त्यानंतरच मधल्या ब्रॅकेटपासून टोकांकडे बोल्ट आवळत जावे.